लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल: वजन उतरवण्यासाठी घेणार असाल तर

चवीला पाचपैकी पाच, शुद्धतेला साडेचार आणि बाटलीवर जे छापलंय त्याला शून्य. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाला माझे गुण असे आहेत. हे तेल मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. पण "वजन घटवते, चयापचय वाढवते" हे वाचून कुणी लिटरला साडेतीनशे-चारशे रुपये मोजणार असेल, तर त्या पैशात काय येतं आणि काय येत नाही हे त्याला आधी कळायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कराडला राहते आणि घरून डबे देते. त्यामुळे तेल हा माझ्या रोजच्या हिशोबातला विषय. सोयाबीन, सूर्यफूल, सरकी, करडई, पाम, सगळी तेलं हाताखालून गेलीत. डब्यांना सोयाबीनचं रिफाइंड वापरते, कारण डब्याच्या भावात घाण्याचं तेल बसत नाही. घरच्या चौघांसाठी मात्र बऱ्याच वर्षांपासून एका ठरलेल्या घाण्याचं शेंगदाणा तेल येतं. पूर्वी ते साध्या कॅनमध्ये मिळायचं, वर पेनानं तारीख लिहिलेली. मग ह्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टरबाईंनी वजन उतरवायला सांगितलं आणि साधारण त्याच सुमारास घाण्यावर नव्या बाटल्या आल्या. हिरवं लेबल, कमरेला टेप लावलेली सडपातळ बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत वजनाचं आणि चयापचयाचं आश्वासन. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तेल तर आपण हेच खातो, मग काळजी कशाला?

काळजीचं कारण त्याच बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. पोषणमूल्यांच्या तक्त्यात पहिलीच ओळ: १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी. डब्यांसाठी आणलेली सोयाबीनची पिशवी शेजारी ठेवून बघितली. तिच्यावरही १०० ग्रॅमला ९००. सूर्यफूल घ्या, खोबरेल घ्या, ऑलिव्ह घ्या, आकडा हाच. तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ, आणि एका ग्रॅम स्निग्ध पदार्थाला ९ कॅलरी. ते दगडी उखळात निघालं की लाकडी की पोलादी यंत्रात, त्यानं या आकड्यात काहीही फरक पडत नाही. मोठा पोहे खायचा चमचा भरून, म्हणजे १५ मिली तेल घेतलं, की सव्वाशेच्या जवळपास कॅलरी पोटात गेल्या. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीच्या आसपासच्या, आणि भाकरीनं निदान भूक तरी भागते.

आता घाण्याबद्दल, कारण जे चांगलं आहे ते मनापासून सांगितलंच पाहिजे.

आमचा घाणा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. भिंतीवर संताजी जगनाडे महाराजांची तसबीर. चाकणचे संताजी महाराज तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे, घरचा धंदा तेलाचा. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. घाण्याला आता बैल नाही, मोटार आहे, पण उखळ आणि त्यात फिरणारी लाट लाकडाचीच. लाट मिनिटाला जेमतेम बारा-पंधरा फेरे घेते. घाणेवाले दादा दाणे ओततात, सुरुवातीला नुसता करकर आवाज येतो, दाणे फुटून त्यांचं कूट होतं, कूट ओलसर होऊन लगदा होतो आणि मग लगद्याच्या कडेनं तेल सुटायला लागतं. पहिलं तेल गढूळ, तपकिरी, फेसाळ असतं. पेंड उखळाच्या भिंतीला चिकटत जाते, ती दादा लोखंडी सळईनं सोडवत राहतात. एकदा त्यांनी तुकडा हातावर ठेवला. कोमट होता, चटका बसेल असा नाही. "वैनी, यापरास गरम झालं की दाण्याचा वास जळतो," म्हणाले. एक घाणा उतरायला तासभर तरी जातो. मग तेल स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस निवळत ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं कापडातून गाळून भरायचं. त्यात दुसरं काही घालत नाहीत, काही काढत नाहीत.

मोठ्या कारखान्यातलं रिफाइंड तेल वेगळ्या वाटेनं येतं. तिथं दाबून जेवढं निघेल तेवढं काढतात, पेंडीत उरलेलं हेक्झेन नावाच्या द्रावकानं ओढून घेतात. मग चिकटा काढायचा, क्षारानं आम्लता काढायची, मातीतून नेऊन रंग उडवायचा आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवायचा. हे तेल विषारी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते तसं नाही. पण शेंगदाण्याचा म्हणून जो काही गंध असतो, रंग असतो, तो त्यात राहत नाही. काही प्रमाणात ई जीवनसत्त्वही जातं. घाण्याच्या तेलात हे सगळं टिकतं, आणि पैसे मोजायचे ते याचे.

आणि काय तो वास! बाटलीचं बूच काढलं की ओट्यापाशी ताज्या भाजलेल्या शेंगांचा दरवळ येतो. गरम ज्वारीची भाकरी, लसणाची लाल चटणी, तिच्यात बोटानं खळगा करून त्यात चमचाभर कच्चं तेल. या जेवणाला दुसरं काही लागत नाही. मेतकूट-भातावर, मऊ खिचडीवर, ठेच्यावर, पिठल्यावर वरून घातलं तर फारच छान लागतं. भरल्या वांग्याला जो कट सुटतो त्याचा रंगच निराळा. उपासाच्या बटाट्याच्या भाजीलाही तेच. सासूबाईंचं वय ऐंशीच्या घरात, पहिल्यांदा हे तेल घरात आलं तेव्हा त्यांनी तळहातावर थेंब घेऊन चोळला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हां, हे आमच्या चुलत्याच्या घाण्यावाणी आहे."

वजनाच्या बाबतीत या तेलाचा एकच खरा उपयोग मला दिसला, आणि तो या वासातच आहे. रिफाइंड तेलाला स्वतःची चव नसते, त्यामुळे भाजी चमचमीत लागावी म्हणून हात सैल सुटतो. घाण्याच्या तेलाचा एक छोटा चमचा शेवटी वरून घातला तरी सगळ्या भाजीला त्याची चव येते. फोडणीला निम्मं, वरून थोडं, असं केलं की एकूण तेल कमी लागतं आणि जेवणारा तक्रार करत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा करणारी बाई मुद्दाम कमी घालते. तेच तेल पूर्वीच्याच हातानं ओतलं, तर वजन पूर्वीसारखंच वाढणार.

"चयापचय वाढवते" हे कुठून आलं, त्याचाही मी शोध घेतला, कारण दादा स्वतःहून खोटं छापणारा माणूस नाही. लेबल करून देणाऱ्यानं मजकूरही दिला आणि यांनी तो तसाच छापून घेतला. या दाव्यामागे काहीच नाही असंही नाही. २००६ साली ब्राझीलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सडपातळ आणि जाड, अशा दोन्ही गटांतल्या लोकांना आठ आठवडे शेंगदाणा तेल घातलेला मिल्कशेक दिला होता. जाड गटात, स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं ती पाच टक्क्यांच्या आसपास वाढली. लेबलवाल्यांना एवढं पुरतं. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की त्या लोकांचं एकूण खाणं वाढलं आणि वजनही वाढलं, दोन किलोंच्या वर. म्हणजे भट्टी थोडी जास्त पेटली, पण सरपण त्याहून जास्त पडलं. अर्धी गोष्ट बाटलीवर छापायची आणि अर्धी ठेवून द्यायची, हे मला पटत नाही. ज्याला डॉक्टरांनी बजावलंय, असा घाबरलेला माणूस ते वाचून सकाळी अनशापोटी चमचाभर तेल प्यायला लागतो. आमच्या भिशीतल्या दोघी कोमट पाण्यात घालून पीत होत्या. जेवणातलं काही कमी न करता रोज एक मोठा चमचा जादा प्यायला, तर महिन्याला साडेतीन हजारांवर कॅलरी वाढल्या. मी दोघींना तक्ता दाखवून तो प्रकार बंद करायला लावला.

खोबरेलाचीही अशीच हवा आहे. तिथं एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचं नाव घेतात. ज्या अभ्यासांत थोडासा फायदा दिसला, ते खास तयार केलेल्या एमसीटी तेलावरचे आहेत, त्यात आठ आणि दहा कार्बनची आम्लं असतात. आपल्या खोबरेलात निम्म्याच्या जवळ लॉरिक आम्ल असतं, बारा कार्बनचं, आणि त्याचा बराचसा भाग शरीरात इतर लांब साखळीच्या आम्लांसारखाच वागतो. शिवाय खोबरेलात संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड आम्लं ऐंशी टक्क्यांहून जास्त. मालवणी माणसानं सोलकढी आणि माशाच्या आमटीत नारळ खुशाल घ्यावा, पण वजन उतरवायचं औषध म्हणून खोबरेल पिऊ नये.

शेंगदाणा तेल त्या मानानं हृदयाला बरं. साधारण निम्मं ओलेइक आम्ल, ऑलिव्ह तेलात जे मुख्यत्वे असतं तेच. तीस टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. संपृक्त वीस टक्क्यांच्या आत. ओमेगा-३ मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून आमच्याकडे जवसाची चटणी कायम असते आणि अधूनमधून मोहरीच्या तेलात भाजी होते. एकच तेल वर्षानुवर्षं खाऊ नये असं डॉक्टरबाईंचंही म्हणणं.

आता घरात प्रत्यक्ष काय केलं ते सांगते, कारण हिशोब मांडल्यावर माझे डोळे उघडले.

चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन लागतो, हे आपल्याकडे कित्येक घरांचं सर्वसाधारण प्रमाण. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. पाच लिटर चौघांत तीस दिवसांना वाटले, तर माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरचं तेल-तूप पुरे धरलंय. त्या हिशोबानं चौघांना तीन लिटर पुरतात. या दोन लिटरच्या फरकाचा अर्थ असा, की प्रत्येकाच्या पोटात रोज १३५च्या आसपास कॅलरी कमी जातात. महिन्याला चार हजारांवर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे बाकी काही न बदलता महिन्याला अर्धा किलोचा फरक कागदावर तरी दिसतो. प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ गणित पाळत नाही, पण दिशा हीच.

मी केलं ते असं. स्टीलची शंभर मिलीची एक वाटी ठरवली. सकाळी तिच्यात तेल काढून ठेवायचं. चौघांचं दिवसाचं तेल तेवढंच. पोळीचं, फोडणीचं, चटणीवरचं, सगळं त्या वाटीतून. बाटली पुन्हा उघडायची नाही. तूप खाल्लं तर तेवढं वाटीत कमी. संध्याकाळी वाटीत किती उरलंय त्यावर रात्रीची भाजी ठरते. उरलंय तर झुणका, नाही तर मुगाचं वरण आणि पालेभाजी. घाण्याच्या तेलाची किंमत इथं उलट उपयोगी पडली. महाग वस्तू हातातून जपून सुटते. सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही. "आम्ही पळीनंच घालायचो गं. बाटलीनं ओतायची रीत तुमची," एवढंच म्हणाल्या.

करण्याची पद्धतही थोडी बदलावी लागली. वांगी, दोडका, घेवडा झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचे, म्हणजे तळाला लागू नये म्हणून तेल ओतावं लागत नाही. कांदा परतताना कोरडा पडला की पाण्याचा शिपका. पोळीच्या घडीला तेल बोटानं फिरवायचं, चमच्यानं नाही. भाकरी आठवड्यात जास्त वेळा, तिला तेल लागतच नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच डाएटच्या कागदावर मला लिहिलेली दिसली नाही: दाण्याचं कूट. आपल्या सातारी-कोल्हापुरी स्वयंपाकात कूट पडत नाही अशी भाजी शोधावी लागते. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, मेथीत कूट, आमटीत कूट, साबुदाण्यात तर मूठमूठ. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. दोन मोठे चमचे कूट घातलं की दहा ग्रॅमच्या आसपास तेल त्या भाजीत आपण फोडणीशिवाय घातलेलंच असतं. मी कूट बंद केलं नाही, आमच्या घरात ते चालायचं नाही. पण कूट घातलेल्या भाजीला फोडणी अगदी नावापुरती देते, आणि एका जेवणात कुटाचा एकच पदार्थ.

खरं तर वजनाच्याच दृष्टीनं बघायचं तर तेलापेक्षा अख्खा दाणा बरा. दाण्यात पाव हिस्सा प्रथिनं आणि वर चोथा. मूठभर उकडलेल्या शेंगा चावून खायला वेळ लागतो, पोट भरल्यासारखं राहतं. घाण्यात दाणा गेला की पोट भरणारा सगळा भाग पेंडीत जातो आणि पेंड जाते म्हशीच्या घमेल्यात. आपल्या वाट्याला येते ती चव आणि कॅलरी. म्हणून चार वाजता ह्यांच्या चहाबरोबर फरसाण बंद केलं आणि मोजून मूठभर उकडलेल्या शेंगा दिल्या.

ह्यांच्या पट्ट्याची दोन भोकं आत आली. पण त्यात वाटीचा वाटा किती, प्रीतिसंगमापर्यंतच्या रोजच्या चालण्याचा किती आणि बंद झालेल्या फरसाणाचा किती, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. तेल मात्र आधीही हेच होतं. फॅटी लिव्हर निघालं तेव्हाही घरात हेच तेल होतं. लेबल खरं असतं तर ते निघायलाच नको होतं.

भावाबद्दल बोलायला हवं, कारण लाकडी घाण्याच्या नावावर बाजारात बरंच काही खपतं. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. घाऊक दाणा किलोला ११०-१२० रुपये धरला तरी दाण्याचेच पावणेतीनशे ते तीनशे झाले. पेंड विकून साठेक रुपये परत येतात. मग वीज, मजुरी, निवळताना जाणारी घट, बाटली, जागेचं भाडं. आमच्या घाण्यावर लिटरला ३६० पडतात आणि मला ते रास्त वाटतात. कुणी दोनशे-सव्वादोनशेला "शुद्ध लाकडी घाणा" देत असेल, तर त्यात दुसरं स्वस्त तेल मिसळलंय एवढाच अर्थ निघतो. मध्यंतरी मोबाइलवरून एका कंपनीची काचेची बाटली मागवली होती. भाव पाचशेच्या पुढे, "मेटाबॉलिझम बूस्टर" असं नाव, आणि उघडली तर खवट वास. भरल्याची तारीख जुनी होती. काचेला आणि नावाला पैसे दिले होते. तेलानं मात्र घशात खरखर केली. तेव्हापासून डोळ्यांसमोर निघालेलं तेलच घेते.

डोळ्यांसमोर काय बघायचं? दाणा बघा, तेलाआधी. पोत्यात हात घालून मूठभर वर काढा. सुरकुतलेला, काळा पडलेला, हिरवट बुरशीचा दाणा दिसला तर मागं फिरा. ओलसर राहिलेल्या दाण्यावर जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतालाच बाधतं, म्हणजे फॅटी लिव्हरवाल्याच्या घरात तर अजिबात नको. रिफाइंड करताना क्षारानं ते बहुतांशी निघून जातं. घाण्याच्या तेलात ते काढायची सोय नसते. त्यामुळे "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे म्हणणं चुकीचं आहे. इथं सगळी मदार दाणा किती चांगला वाळलाय यावर. आमचे दादा शक्यतो उन्हाळी भुईमुगाचा दाणा घेतात. मे महिन्याच्या उन्हात शेंग खडखडीत वाळते, दाणाही टपोरा भरतो. खरिपाची शेंग काढणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडली की पंचाईत. जातींची नावं त्यांना तोंडपाठ आहेत: जळगावची फुले प्रगती, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या विद्यापीठाची टॅग-२४. "घाणा कुठलाबी असूंद्या, दाणं चांगलं असलं तरच तेल चांगलं," हे त्यांचं वाक्य लेबलवर छापायला हवं होतं. शुद्धतेचा अर्धा गुण कापला तो यासाठीच, की दाण्याची तपासणी डोळ्यांनी होते, प्रयोगशाळेत नाही. बॅचचा अहवाल लावला तर तो अर्धाही देईन.

वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हे तेल कढईत फेसाळतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला भेसळ वाटते. ती भेसळ नाही, गाळलेल्या तेलात राहिलेल्या चिकट अंशामुळे तसं होतं. रिफाइंडपेक्षा हे बरंच लवकर धुरावतं. फोडणीला आच मध्यम ठेवा, धूर निघायच्या आत मोहरी टाका. दिवाळीच्या चकल्यांसारखं भरपूर तळण असेल तर मी याच्या वाट्याला जात नाही. एक तर महाग, त्यात तळून उरलेलं काळपट होतं, आणि ते पुन्हा तापवून वापरणं कुणाच्याच भल्याचं नाही. साठवायला प्लॅस्टिकचा कॅन खिडकीत ठेवू नका. स्टीलची किटली, अंधारा फडताळ, आणि एका वेळी महिना-दोन महिन्यांचंच. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, हलवू नका, वरचं ओतून घ्या. आणि घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे तेल पूर्ण वर्ज्य, कारण न शुद्ध केलेल्या तेलात दाण्याच्या प्रथिनांचे अंश राहतात.

घाण्यावर मी लेबलबद्दल बोलले. तेलाची बदनामी करायला नव्हे. इतकं चांगलं तेल खोट्या वचनावर विकायची गरज नाही म्हणून. दादांनी ऐकून घेतलं, तक्ता वाचला, मुलाला बोलावून त्यालाही वाचायला लावला. छापलेल्या बाटल्या संपेपर्यंत त्याच जाणार होत्या, त्यात त्यांचे पैसे अडकले होते, ते मला समजतं. आता नव्या लॉटवर फक्त "शेंगदाणा तेल, लाकडी घाणा" आणि तारीख येणार आहे असं मुलगा म्हणाला. २०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये तेल दहा टक्के कमी घ्या म्हणून सांगितलं होतं, ते वाक्य शेडमध्ये लावा असंही मी सुचवलं. तेलवाल्याच्या दुकानात ते कसं लावायचं म्हणून दोघं विचारात पडले, पण "नाही" म्हणाले नाहीत.

तर घ्यावं कुणी? ज्यांना भाकरी-चटणीवर कच्चं तेल आवडतं, ज्यांच्या घरी तळण बेताचं असतं, ज्यांना महिन्याला तीन लिटरचे हजारभर रुपये झेपतात आणि वाटी लावून वापरायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना ते झेपत नाहीत त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. भरवशाच्या कंपनीचं साधं रिफाइंड शंभर मिलीच्या वाटीत मोजून घेतलं, तर वजनाच्या बाबतीत तेवढंच पदरात पडतं. माझ्या डब्यांच्या भाज्यांतही मी आता मापानंच तेल घालते, आणि डबा परत पाठवलेला नाही कुणी.

घाण्यावर जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा पहिला घाणा चालू असतो आणि दाणा बघायला मिळतो. स्वतःची किटली न्या, बाटलीचे पैसे वाचतात. दिवाळीच्या तेलाचं पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. त्या गर्दीत तेल निवळायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि गढूळ माल गळ्यात पडतो.